पळणाऱ्याचं ताट : कड्याच्या रानातलं, ज्या त्या दिवसांतलं

“पोरगं पळतंय, त्याला खायला काय घालू?” हा प्रश्न बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात आता बऱ्याच घरांत ऐकू येतो. कुणाची पोलीस भरतीची तयारी चाललेली असते, कुणाची सैन्याची. कुणी साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला नाव नोंदवतं, कुणी जानेवारीत मुंबईला जाऊन पूर्ण ४२ किलोमीटर पळायचं मनात धरून असतं. मग पोरगं पावडरीचा डबा मागतं. दोन-अडीच हजारांचा डबा महिनाभरात संपतो, आणि त्या पैशासाठी घरातल्या शेंगा नाहीतर हुलगे बाजारात जातात. म्हणजे घरातलं प्रथिन विकून बाहेरचं प्रथिन विकत आणायचं. हा व्यवहार थांबावा, एवढ्यासाठी हे लिहितोय.

तालुक्यातल्या कडा गावाच्या आसपासचं रान बरंचसं कोरडवाहू. पाऊस बेताचा, म्हणून ज्वारी, बाजरी, तूर, मटकी, हुलगा, हरभरा, करडई ही पिकं इथे टिकली. पाणी असेल तिथे कांदा, गहू, फळबाग. लांब पळणाऱ्या शरीराला जे लागतं त्यातलं जवळजवळ सगळं या यादीत आहे. आपलं चुकतं ते दुसरीकडे. किती खायचं याचा हिशेब आपण करत नाही, आणि कुठला पदार्थ पळण्याच्या आधी नि कुठला नंतर, हे कुणी सांगितलेलं नसतं.

मांडव्याचा अविनाश साबळे याच तालुक्यातला. सहाव्या वर्षापासून सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत-पळत जाणारा मुलगा. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनला राहिला, आणि पुढे ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिसला ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम. त्याचं नाव निघालं की पारावरची माणसं अभिमानाने म्हणतात, “आपल्या भाकरीवर पळाला.” ते खरंच आहे, पण अर्धं. सैन्यात त्याला प्रशिक्षक मिळाला, सरावाच्या, जेवणाच्या, झोपेच्या वेळा बांधून मिळाल्या. भाकरी घरात आहेच. वेळा बांधायचं काम आपल्याला घरी करायचं आहे.

आधी हिशेब

पंचावन्न किलो वजनाचा, रोज तास-सव्वा तास पळणारा मुलगा घ्या. त्याला दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण ६ ग्रॅम कर्बोदकं लागतात, म्हणजे ३३० ग्रॅम. प्रथिनं किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम, म्हणजे ६६ ते ८८ ग्रॅम. हे ताटात मांडून बघू. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात अडुसष्ट-सत्तर ग्रॅम कर्बोदकं आणि दहाएक ग्रॅम प्रथिनं असतात. ऐंशी ग्रॅम पिठाची एक, अशा दिवसाकाठी चार भाकरी पोटात गेल्या तर जवळपास २२० ग्रॅम कर्बोदकं आणि ३२ ग्रॅम प्रथिनं तिथेच जमली. कोरडं साठ ग्रॅम कडधान्य किंवा डाळ, शिजून तिच्या दोन वाट्या होतात, त्यातून १३-१४ ग्रॅम प्रथिनं. चाळीस ग्रॅम शेंगदाण्यांतून १०. अर्धा लिटर दूध किंवा त्याचं दही, १६. बेरीज बहात्तरवर गेली. दोन अंडी खाणारं घर असेल तर चौऱ्याऐंशी. कर्बोदकांत डाळ, दूध, वरून दोन केळी आणि तीस ग्रॅम गूळ मोजला की आकडा साडेतीनशेच्या पुढे जातो.

या हिशेबात कुठलाही डबा आलेला नाही. पण हेही बघा की त्यात अर्धा लिटर दूध आहे आणि दोन वाट्या दाट डाळ आहे. आपल्याकडे पुष्कळ घरांत सगळं दूध डेअरीला जातं आणि आमटीत डाळ शोधावी लागते. पळणारं पोर घरात असेल तर डब्याचे पैसे बाजूला ठेवून त्यातलं थोडं दूध घरी ठेवा. एवढ्या एका बदलाने जो फरक पडतो तो दुसऱ्या कशाने पडत नाही.

भाकरी, ठेचा आणि वर शेंगदाण्याची चटणी हे जेवण चवीला राजेशाही आहे, पण पळणाऱ्याला ते पुरत नाही. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी असतो, आणि शेंगदाण्यातही तो कमीच. दोघांची उणीव एकच, म्हणून एकमेकांना भरून काढत नाहीत. तूर, मूग, मटकी, हुलगा, हरभरा यांत तो भरपूर असतो, दुधात आणि अंड्यातही असतो. म्हणून चटणी जरूर खा, पण तिच्याबरोबर पिठलं, वरण, उसळ नाहीतर दह्याची वाटी हवीच.

भरतीच्या पोरांसाठी एक वेगळी गोष्ट. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळायचं असतं. फार तर पाच-सहा मिनिटांचं काम. त्यासाठी मैदानात उभं राहून ग्लुकोजचं पाणी पिण्याची गरज नाही, शरीरात साठलेलं पुरून उरतं. तुमचा निकाल त्या दिवशीच्या घोटाने ठरत नाही, आधीच्या सहा महिन्यांच्या जेवणाने ठरतो.

भाकरी कधी, भात कधी

ज्वारीत शंभर ग्रॅममागे दहाएक ग्रॅम चोथा असतो. रोजच्या आरोग्याला तो उत्तम. पण पहाटे वीस किलोमीटर पळायचं असेल आणि आदल्या रात्री तीन भाकरी, मटकीची उसळ आणि पातीच्या कांद्याची भाजी झाली असेल, तर दहाव्या किलोमीटरला पोट कुरकुरायला लागतं. पळताना रक्त पायांकडे वळलेलं असतं, आतड्यांना चोथा हाताळायला वाव नसतो. म्हणून नियम सोपा ठेवावा. आठवड्यातले बाकीचे दिवस आणि पळून आल्यावर भाकरी-उसळ-पालेभाजी पोटभर. लांब पळण्याच्या आदल्या संध्याकाळी आणि त्या पहाटे मऊ, पांढरं, चोथा कमी असलेलं. मऊ भात आणि साधं मुगाचं वरण, कोंडा चाळून काढलेल्या गव्हाच्या पिठाची दशमी, पोहे, रव्याचा सांजा, साबुदाणा. ठेचा त्या रात्रीपुरता बाजूला.

याच यादीत एक पदार्थ असा आहे की तो आपल्या घरात दर उन्हाळ्यात होतो, पोरं वाटी घेऊन चुलीभोवती जमतात, आणि तरी तो पळणाऱ्याचा पदार्थ आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. गव्हाचा चीक. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालतात, रोज पाणी बदलतात. चौथ्या दिवशी वाटून, फडक्यातून गाळून, चोथा काढून टाकतात. गाळलेल्या पाण्याचं पातेलं रात्रभर हलवायचं नाही. सकाळी वरचं पाणी अलगद ओतून दिलं की तळाशी पांढरा घट्ट चीक बसलेला असतो. तो पाण्यात, मीठ-हिंग घालून, चुलीवर एका बाजूने सतत ढवळत शिजवायचा. सुरुवातीला दुधी दिसणारं मिश्रण हळूहळू काचेसारखं चकाकायला लागतं आणि पळीला जड होतं, तेव्हा तो झाला. हे जवळजवळ शुद्ध स्टार्च आहे. चोथा नाही, पोटात रेंगाळत नाही, लवकर पचतो.

कुरडया घालायच्या दिवशी त्यातला किलोभर चीक शिजवायच्या आधीच बाजूला काढा, स्वच्छ धोतरावर पसरून कडक उन्हात खडखडीत वाळवा आणि कुटून, चाळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. तान्ह्या बाळाला गव्हाचं सत्त्व देतात ते हेच. लांब पळायच्या पहाटे पन्नास ग्रॅम सत्त्व आधी थंड पाण्यात कालवायचं, नाहीतर गुठळ्या होतात, मग दीड पेला पाण्यात चिमूटभर मीठ आणि वीस ग्रॅम गूळ घालून शिजवायचं. दहा मिनिटांचं काम. साठ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं मिळतात. पळायच्या आधी तास-दीड तास प्यावं. ज्याला एवढ्या पहाटे उठणं जमत नाही त्याने अर्ध्या तासापूर्वी एक केळं आणि दोन घोट पाणी घेऊन निघावं.

पळणं सव्वा-दीड तासाच्या आत असेल तर वाटेत खायची गरज नाही, तहानेला पाणी पुरे. त्याच्या पुढे गेलं की तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जात राहिली पाहिजेत. बाजारात त्याच्या महागड्या पुड्या मिळतात. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात साठ ग्रॅम गूळ विरघळवा, पाव चहाचा चमचा सपाट मीठ, अर्धं लिंबू, आणि पातळ फडक्यातून गाळून घ्या. गुळातली कचकच बाटलीच्या तोंडात अडकते. याहून गोड करू नका, दाट गोड पाणी पोटात डुचमळतं आणि मळमळ होते. दोन केळी, किंवा बिया काढलेला खजूर पिशवीत बांधून नेला तरी चालतं. शेंगदाण्याची चिक्की मात्र वाटेत नको, तिच्यातलं तेल सावकाश पचतं. ती घरी आल्यावर खा. आणि कुठलीही नवी गोष्ट स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा पोटात घालायची नाही. सरावात दोन-चार वेळा जमली तरच ती स्पर्धेत.

पळून आल्यावरचा पहिला तास आपल्याकडे बहुतेक वेळा वाया जातो. पोरगं घामेजलेलं येतं, चहा पितं, अंघोळ करून कॉलेजला जातं आणि अकरा वाजता पहिला घास खातं. तोपर्यंत शरीर रिकाम्या कणगीसारखं वाट बघत असतं. त्या तासात पंचावन्न किलोच्या माणसाला पन्नास-साठ ग्रॅम कर्बोदकं आणि वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत. त्यासाठी आपल्याकडे जुनं उत्तर तयार आहे: दूध-भाकरी. रात्रीची किंवा ताजी एक भाकरी कुस्करायची, त्यावर पेलाभर कोमट दूध, गुळाचा खडा, आणि बरोबर मूठभर भाजलेले शेंगदाणे. आजोबा औताहून आल्यावर खायचे तेच. चहा हवाच असेल तर तो तासाभराने घ्या. जेवणाबरोबरचा चहा अन्नातलं लोह पुरेसं अंगी लागू देत नाही.

पावसाळा ते हुरडा

जून-जुलैत पहिला पाऊस झाला की बांधावर तांदुळजा, घोळ, टाकळा, पाथरी उगवते, पुढे करटुली बाजारात येतात. या भाज्या दुपारच्या जेवणात भरपूर घ्या. पण पावसाळ्यात पाणी गढूळ असतं, आणि सरावाचा आठवडा बुडवायला एक जुलाब पुरतो. पालेभाजी तीन पाण्यांनी धुवा, कच्ची खाऊ नका, प्यायचं पाणी उकळा. भाद्रपदात मूग-उडदाच्या शेंगा भरतात. हिरव्या मुगाच्या दाण्यांची पातळ भाजी आणि बाजरीची भाकरी हे संध्याकाळचं सुरेख जेवण आहे. साताऱ्याची स्पर्धा साधारण सप्टेंबरात असते, म्हणजे तिचा सगळा सराव श्रावणातून जातो. सोमवार धरणाऱ्यांनी त्या दिवशी हलकं पळावं किंवा विश्रांती घ्यावी, आणि लांब पळणं रविवारी. उपासाला नुसती बटाट्याची भाजी खाऊन राहू नका; भगर आणि शेंगदाण्याची आमटी, राजगिरा, दूध-दही यांनी भर पडते. रोजे धरणाऱ्या मुलांनी रमजानात तीव्र सराव टाळावा, आणि हलकं पळणं इफ्तारनंतर दोन तासांनी.

दसऱ्याच्या आसपास शेंगा उपटतात. ओल्या शेंगा मीठ घालून उकडलेल्या, ही पळून आल्यावरची भूक भागवणारी उत्तम वस्तू. घामातून गेलेलं मीठही त्यातून मिळतं. याच दिवसांत बालाघाटाच्या डोंगरातलं सीताफळ उतरतं. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि अजून आपण ते पाहुण्यांचं फळ समजतो. शंभर ग्रॅम गरात वीसच्या वर कर्बोदकं आहेत, केळ्याच्या तोडीस तोड. बियांमुळे ते पळताना उपयोगाचं नाही, पण आल्यावर दोन सीताफळं आणि पेलाभर दूध, की ऑक्टोबरातला नाश्ता झाला.

दिवाळीनंतर थंडी पडते आणि पळणाऱ्याचा खरा हंगाम सुरू होतो. सकाळचं हवामान असं की पाय आपोआप लांब पडतात, आणि बाजार बघावा तर चाकवत, मेथी, करडईची भाजी, हरभऱ्याचा कोवळा पाला, पातीचा कांदा, बोरं, आवळे, गाजरं. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारच्या सुमारास असते, तेव्हा सर्वांत जास्त किलोमीटर याच दिवसांत पडतात. जेवणही तसंच वाढलं पाहिजे. ज्या आठवड्यात पळणं वाढतं त्या आठवड्यात रोज एक भाकरी आणि एक वाटी उसळ जास्त, हा साधा मेळ ठेवा.

या दिवसांतल्या संध्याकाळसाठी माझी निवड हुलग्याच्या शेंगोळ्यांची. हुलग्यात शंभर ग्रॅममागे बावीसच्या आसपास प्रथिनं असतात आणि लोहही चांगलं असतं. दोन वाट्या हुलग्याच्या पिठात अर्धी वाटी ज्वारीचं पीठ, लसूण-जिरं-हिरवी मिरची वाटून, हळद, मीठ. घट्ट मळायचं. हाताला तेल लावून पिठाची गोळी दोन तळव्यांत लांब वळायची, करंगळीपेक्षा बारीक, आणि टोकं जुळवायची. जाड राहिली की आतून कच्ची राहतात. कढईत तेलावर भरपूर लसूण लालसर करून पाणी ओतायचं, ते खळखळ उकळलं की शेंगोळी एकेक सोडायची, झाकण अर्धवट ठेवून वीस मिनिटं. थोडं पीठ पाण्यात कालवून शेवटी ओतलं की रस्सा दाटतो. वर कच्चा कांदा आणि लिंबू. लिंबाला महत्त्व आहे: धान्य-कडधान्यातलं लोह आंबटाच्या सोबतीने जास्त शोषलं जातं. चिंचेचं सार, आवळ्याची चटणी, बोरं, काहीही चालेल, पण त्याच जेवणात हवं.

हुरड्याचे दिवस याच हंगामात येतात. आगटीवरचा गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, यात वाईट काही नाही. फक्त स्पर्धेच्या आधीच्या तीन दिवसांत हुरडा पार्टीला जाऊ नका. कोवळी असली तरी ती ज्वारीच, आणि हुरडा कुणी मोजून खात नाही. भोगीची मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी मात्र स्पर्धेच्या आधी तीन-चार दिवस पडत असेल तर खुशाल खा. त्यानंतर पोट हलकं करायला घ्या.

याच मोसमात तालुक्यातली पुष्कळ कुटुंबं ऊसतोडीला गेलेली असतात, आणि त्यांच्यातली काही पोरं फडावरूनही भरतीची तयारी करतात. त्यांना सांगायचंय की दिवसभर कोयता चालवणं आणि मोळ्या वाहणं हीच मोठी मेहनत आहे. तोडीच्या दिवशी वर पळायला जाऊन शरीर झिजवू नका. कारखाना बंद असेल किंवा गाडी उशिरा येणार असेल त्या दिवशी पळा. कोपीवर भाजी नसते, म्हणून निघतानाच घरून भाजलेले फुटाणे, शेंगदाणे, हुलग्याचं पीठ आणि सातूचं पीठ बरोबर न्या. गहू आणि हरभऱ्याची डाळ भाजून, जिरं-सुंठ घालून दळलेलं सातूचं पीठ गुळाच्या पाण्यात कालवलं की चुलीशिवाय जेवण होतं.

उन्हाळा

मार्चनंतर कड्याच्या बाजारात कांदा आणि नवा हरभरा असतो, पण भाजी कमी आणि महाग होत जाते. एप्रिल-मे महिन्यात हिरवं काही मिळत नाही म्हणून पोरं नुसत्या भाकरी-चटणीवर येतात. आपल्या बायांनी यावर केव्हाच तोड काढून ठेवली आहे. मटकी-मुगाचे सांडगे म्हणजे वाळवलेली डाळच. मूठभर सांडग्यांची पातळ भाजी केली की प्रथिनांची सोय झाली. थंडीत वाळवून ठेवलेला हरभऱ्याचा पाला, अंबाडी, यांचं गरगटं होतं. मोड आलेली मटकी भाजीवाल्याची वाट बघत नाही, आणि मोड आणल्याने तिच्यातलं लोहही जास्त अंगी लागतं.

उन्हाळ्यात पळायचं ते उजाडायच्या आत. सात वाजता घरात. पाण्याचा हिशेब घरच्या वजनकाट्यावर करा: पळायच्या आधी आणि नंतर, घाम पुसून, कमी कपड्यांत वजन घ्या. एक किलो उतरलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. पुढच्या तीन-चार तासांत त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी, ताक, पन्हं, आंबील असं थोडं थोडं पोटात जाऊ द्या, मिठासकट. ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, लसूण आणि मीठ घालून, यासाठीच आहे. नुसतं साधं पाणी ढोसू नका. मीठ गेलेलं असताना पोट फुगेपर्यंत पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम घसरतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. लघवी गर्द पिवळी असेल तर पाणी कमी पडलंय. रसवंतीवरचा उसाचा रस चांगला, पण बर्फाशिवाय. टरबूज-खरबूज घरी कापून खा.

ऊन लागून चक्कर, बडबड किंवा उलट्या सुरू झाल्या तर लिंबूपाण्याचे प्रयोग करत बसायचं नाही. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि दवाखाना गाठा.

पळणाऱ्या मुलीचं ताट

हा भाग आईने आणि वडिलांनी दोघांनी वाचावा. आपल्याकडे अजून बऱ्याच घरांत बायका-मुली शेवटी जेवतात, आणि शेवटी जे उरतं त्यात भाकरी असते, डाळ नसते. मुलगी रोज आठ किलोमीटर पळत असेल तर हे चालणार नाही. तिचं ताट भावाच्या ताटाबरोबर वाढलं गेलं पाहिजे, आणि दूध दोघांना सारखं.

मासिक पाळीतून लोह जातं, घामातूनही थोडं जातं. मुलगी सारखी दमते, जिना चढताना धाप लागते, पळण्याची वेळ कारणाशिवाय वाढत चालली, की आधी ग्रामीण रुग्णालयात हिमोग्लोबिन तपासून घ्या. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी मिळते ती टाळू नये. बाजरी, हुलगा, हरभऱ्याचा पाला, करडईची भाजी, तीळ, अळीव हे लोहाचे घरगुती मार्ग, सोबत लिंबू-आवळा, आणि चहा लांब. पण रक्त खूपच कमी असेल तर नुसत्या जेवणाने भरून येत नाही, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्याव्याच लागतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. पळायला लागल्यावर पाळी लांबली किंवा दोन-तीन महिने आलीच नाही, तर “मेहनतीने होतं असं” म्हणून सोडून देऊ नका. खाणं पळण्याला पुरत नाही, हे शरीर त्यातून सांगत असतं. असंच चालू राहिलं तर हाडं कमजोर होतात आणि नडगीला बारीक तडे जातात. अशा वेळी पळणं कमी करा, जेवण वाढवा आणि डॉक्टरांना दाखवा. वजन कमी असलं की वेग वाढतो, असं मुलींच्या मनावर कोवळ्या वयात बिंबवणाऱ्या माणसाच्या हाती आपली मुलगी सोपवू नये, मग तो कितीही मोठा शिक्षक असो. मुलांनाही उपाशी ठेवून वजन उतरवायला लावणं तितकंच चुकीचं आहे.

स्पर्धेला जाताना

कड्याहून मुंबईला जायचं म्हणजे रात्रभराचा प्रवास, आणि स्पर्धा पहाटे सुरू होते. एक दिवस आधी पोचा. ढाब्यावरचं तेलकट, तिखट जेवण स्पर्धेच्या आदल्या दिवशी पोटात जाऊ नये म्हणून शिदोरी घरून न्या. दुधात मळलेल्या, गुळाच्या, चाळलेल्या गव्हाच्या पिठाच्या दशम्या थंडीत दोन दिवस टिकतात. त्यांना तूप बेताचं लावा. दशम्यांसोबत भाजलेले पोहे, खजूर, आणि सत्त्वाची पुडी. गरम पाणी मिळालं तरी सत्त्व कपात होतं, फक्त आधी थंड पाण्यात कालवून घ्यायचं. आदल्या दुपारचं जेवण मोठं करा, रात्रीचं लवकर आणि मध्यम. भात-वरण कुठेही मिळतं. केळी तिथेच विकत घ्या, बसमध्ये चेंगरतात.

पळून झाल्यावर आयोजक देतील ते खाऊन घ्या, पण त्यावर भागवू नका; उरलेल्या दशम्या तेव्हा कामाला येतात. एखादी मिठाची पुडी खिशात असू द्या, लिंबू कुठेही मिळतं. घरी परतल्यावर निदान आठवडाभर सराव हलका ठेवा, पण जेवण लगेच कमी करू नका. झिजलेले स्नायू त्या आठवड्यात भरून येतात, आणि तोवर हरभऱ्याचे नवे हिरवे घाटे बाजारात आलेले असतात. त्यांच्या दाण्यांची उसळ करा, सोबत बाजरीची भाकरी आणि दह्याची वाटी.